हातबोशी

आत्याने मेंदीचा वाडगा माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, "हात पुढे कर. लग्न होवो की अडो, मेंदी आज लागणार."

मी म्हटलं, "आत्या, अजून रब्बींची परवानगी कुठे आलीय?"

"परवानगी लग्नाला लागते. मेंदीला कोण विचारतो?"

माझ्या योखेबेदआत्यापुढे भल्याभल्यांचं काही चालायचं नाही, मी तर तिच्या मांडीवर वाढलेली. मी गपचूप हात पुढे केले. अलिबागेजवळच्या थळ गावात जन्मलेली ही बाई बेरशेबाच्याही पुढे, वाळवंटात सरकारने बांधून दिलेल्या दोन खोल्यांत राहायला आली, तरी तिचं थळ काही सुटलं नव्हतं. हिब्रू भाषेत अहो-जाहो नाही, सगळ्यांना एकच तू. पण आत्या हिब्रू बोलतानाही वडीलधाऱ्यांना "अहो" अशीच हाक मारायची, आणि गंमत म्हणजे ते 'ओ' द्यायचे.

आता आमची हकिकत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आडनाव झिराडकर. आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवार पाळायचा म्हणून त्या दिवशी घाण्याचा बैल सोडून ठेवायचे, तर गावाने नावच ठेवलं शनवार तेली. आम्ही कोण, हे आमच्या शेजाऱ्यांना असं पक्कं ठाऊक होतं. मग इकडे नवा देश झाला आणि सांगावा आला की आपल्या घरी या. बाबा परळच्या गिरणीतली कायमची नोकरी सोडून आले. आल्यावर कळलं की घरच्यांना आमची ओळखच पटत नाही.

लोक रंगाकडे बघायचे आणि विचारायचे, यहुदी, आणि असे सावळे? वरच्या धर्मपंडितांनी विचार करून निवाडा दिला की हो, हे यहुदीच आहेत. आम्ही पेढे वाटायच्या बेतात, तर निवाड्याला मागून शेपूट फुटलं. बेने इस्राएलांपैकी कुणाचं लग्न बाहेरच्या यहुद्याशी ठरलं, तर आईची आई, तिची आई, जाता येईल तिथवर मागे जाऊन चौकशी करावी, कुठे भेसळ तर नाही ना. बाबा म्हणाले, दुधात पाणी बघतात तसं. मुंबईत माझा काका इकडे यायला सामान बांधून बसला होता, त्याने ते ऐकलं आणि पेट्या सोडल्या.

रोज संध्याकाळी आमच्या दारात माणसं जमायची आणि वादावादी चालायची. कुणी म्हणे कोर्टात जाऊ, कुणी म्हणे चंबूगबाळं आवरून मुंबईला परत जाऊ. बाबा म्हणत, जेरुसलेमला जाऊन धरणं धरू. गिरणीतला माणूस, दुसरं काय म्हणणार. मला या राजकारणात काडीचा रस नव्हता. मला नीसीमशी लग्न करायचं होतं.

नीसीम बस चालवायचा. मोरोक्कोतून आलेलं कुटुंब, उंच, कुरळ्या केसांचा, हसला की गालाला खळी. मी कापडाच्या कारखान्यात शिवणकामाला होते. सुटायला मला उशीर झाला की हा पठ्ठ्या इंजिन बिघडलंय म्हणून झाकण उघडून रस्त्यात उभा राहायचा. आतली माणसं शिव्या घालायची. मी दिसले की इंजिन आपोआप बरं व्हायचं. एक दिवस सगळी बस मिळून त्याला म्हणाली, बाबा रे, हिच्याशी लग्न कर म्हणजे आम्ही वेळेवर घरी पोचू.

तर आमच्या गावात लग्नं नोंदवायचे ते धर्मगुरू, रब्बी हरशेल. हंगेरीहून आलेले, गोरेपान, छातीवर कापसासारखी पांढरी दाढी. माणूस वाईट नव्हता, पण कायद्याचा गुलाम. त्यांनी सांगितलं, मी घरी येऊन मुलीच्या आजी-पणजीची माहिती घेतो, वर पाठवतो, वरून उत्तर आलं की बघू. वरून उत्तर कसं येतं ते आम्हाला ठाऊक होतं. रमले गावच्या एका मुलीचा ठरलेला नवरा वाट बघून बघून दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला होता. नीसीम तसा नव्हता, पण मनात पाल चुकचुकायचीच.

मी बाबांना म्हटलं, आजीचं नाव माहीत आहे, पणजीचंही आहे, सांगून टाका आणि मोकळे व्हा. बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नावं सांगायला लाज नाही गं, शेबा. तुझ्या पणजीने दुष्काळात गावाला फुकट तेल दिलं, तिचं नाव मी ओरडून सांगेन. पण नीसीमच्या आईला तिची आजी विचारली का त्यांनी? नाही ना? मग सगळ्यांना सोडून एकालाच विचारतात तो प्रश्न नसतो, ती शिवी असते. मी तिचं उत्तर देणार नाही."

मला रडू आलं. बाबांचं खरं होतं आणि तो खरेपणा माझ्या लग्नाच्या आड येत होता. बाप हटून बसला तर रब्बी चौकशी करणार कुणाची, आणि चौकशी नाही तर लग्न नाही.

आत्याने यावर आपला तोडगा काढला. रब्बी चौकशीला उद्या येणार होते, म्हणून तिने मेंदी आजच धरली. आमच्यात मेंदी लागली की ती नवरी झाली, मग लग्न मोडणं महापाप. शिवाय तिने एलियाहू पैगंबराला मलिद्याचा नवस बोलला होता, तोही काम व्हायच्या आधीच फेडायला निघाली. मी म्हटलं, नवस मागाहून फेडतात. ती म्हणाली, "आगाऊ दिलं की देवालासुद्धा भीड पडते."

दुपार झाली आणि घर फुलून गेलं. मुंबईहून आलेलं सुकं खोबरं आत्याने वर्षभर राखून ठेवलं होतं, ते किसून पोह्यांत घातलं, साखर, वेलची, मनुका घातल्या, बाजूला खजूर आणि फळं मांडली. तो आमचा मलिदा. आमच्या बायका ढोलकीवर मराठी गाणी म्हणत होत्या. नीसीमची आई फ्रेहाबाई आपल्या बायका घेऊन आली, त्यांच्याकडेही मेंदीची रीत, त्यामुळे त्या डफ घेऊनच आल्या. ढोलकी आणि डफ यांचं पहिल्यांदा जरा भांडण झालं, मग जमलं. शेजारची रुमानियन बाई काही न कळता टाळ्या वाजवत होती.

आणि आमचे शलोमबाबा. मुंबईत मांडवीच्या मशिदीत, हो, आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणत, तिथे त्यांनी उभा जन्म प्रार्थना सांगितल्या होत्या. आता ऐंशीच्या घरात, डोळ्यांवर जाड काळा चष्मा. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही म्हणून कुणीतरी कोपर धरून आणायचं, खुर्चीत बसवायचं. आत्याने त्यांच्याही तळहातावर शकुनाचा मेंदीचा गोळा ठेवला. ते म्हणाले, माझं कुठे लग्न आहे आता? आत्या म्हणाली, ठरवते की.

एवढ्यात दारात धडपडल्याचा आवाज झाला. आमच्या पायऱ्यांतली एक पायरी मोडकी होती, तिच्यावर अडखळून रब्बी हरशेल थेट आत आले. दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या खिडकीत ढोलकी ऐकू गेली होती. त्यांना वाटलं, आम्ही चोरून लग्न लावतो आहोत.

ढोलकी थांबली, मग डफ थांबला. रुमानियन बाईच्या टाळ्या तेवढ्या थोडा वेळ चालू राहिल्या.

"हे काय चाललंय?" रब्बी धापा टाकत होते. "परवानगीशिवाय?"

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी शांतपणे सांगितलं की लग्न नाही, मेंदी आहे, बसा. रब्बी बसले नाहीत. आलोच आहे तर चौकशी आत्ताच उरकतो, असं म्हणून त्यांनी मला विचारलं, मुली, तुझ्या आईच्या आईचं नाव काय? माझी आई लहानपणीच गेलेली. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. माझे दोन्ही हात मेंदीने भरलेले, डोळे पुसायची सोय नव्हती.

तेव्हा फ्रेहाबाई उठल्या. चांगल्या धिप्पाड बाई, उठल्या की खोली लहान वाटायची. त्या रब्बींना म्हणाल्या, "आधी मला विचारा. माझ्या आजीला आजोबांनी डोंगरातून खेचरावर बसवून आणलं. ती कुठली, कुणाची, तिचं खरं नाव काय, कुणालाही ठाऊक नाही. घ्या लिहून."

मग काय, बांध फुटला. फ्रेहाबाईंच्या जावेने सांगितलं, तिची आजी भविष्य सांगायची, आणि कुठून आली ते मात्र तिला स्वतःला सांगता आलं नाही. एका येमेनी शेजाऱ्याला आजीच आठवेना. रुमानियन बाईला कुणीतरी प्रश्न समजावून सांगितला, तशी ती म्हणाली, आमचं सगळं गाव जळलं, आता माझी आजी कोण होती हे सांगायला मीच उरले आहे, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. रब्बींनी मान खाली घातली.

"मला तुमची शंका नाही," ते बाबांना म्हणाले. "हुकूम वरचा आहे."

"आमच्या गिरणीत पगार कापताना मुकादमही हेच म्हणायचा," बाबा म्हणाले.

आता याच्यापुढे काय होणार? बाप हटत नाही, रब्बी हटत नाहीत, आणि मी मध्ये पाटावर, हात वर धरून. तेवढ्यात खुर्चीतून शलोमबाबांचा आवाज आला, मलिदा निवतोय, प्रार्थना सुरू करतो. मलिदा मुळातच गार असतो, पण हे कोण बोलणार. त्यांनी सूर लावला आणि सगळे उभे राहिले. प्रार्थना चालू असताना रब्बी निघून कसे जाणार? तेही उभे राहिले. चाल आमची, कोकणी वळणाची, पण शब्द त्यांचे तेच. अर्ध्यावर रब्बींचे ओठही हलू लागले.

प्रार्थना संपली की आमच्यात हातबोशी होते. ही रीत अशी, की सगळ्यांत वडील जो असेल तो आपले हात पुढे करतो, समोरचा ते आपल्या दोन्ही हातांत घेतो, आणि सोडल्यावर दोघंही आपापली बोटं ओठांना लावतात. मग तो पुढच्याशी, पुढचा त्याच्या पुढच्याशी. असा आशीर्वाद सगळ्या घरात फिरतो. कुणाला वगळायचं नाही आणि कुणी नाकारायची नाही. भावाभावांचा दावा चालू असला तरी हातबोशी टळत नाही.

शलोमबाबा उठले, चाचपडत चाचपडत पुढे आले आणि बाबांना ओलांडून, मला ओलांडून, नेमके रब्बींच्या समोर उभे राहिले. हात पुढे केले. आणि तेव्हा मला दिसलं की त्यांच्या तळहातावर तो मेंदीचा हिरवागार गोळा तसाच आहे.

आत्यालाही दिसलं असावं, तिने पदर तोंडात धरला. रब्बींनी त्या थरथरत्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. एका आंधळ्या वृद्धाने पुढे केलेले हात कोण झिडकारेल? त्यांनी ते आपल्या हातांत घेतले. शलोमबाबांनी जरा जास्तच वेळ घट्ट धरून ठेवले. मग सोडून आपली बोटं ओठांना लावली. त्यांचं बघून रब्बींनीही लावली, आणि दाढीच्या मधोमध हिरवा ठसा उमटला.

फ्रेहाबाईंनी जीभ हलवून अशी लकेर मारली, त्यांच्याकडे पाहुण्याला मेंदी लागली की मारतात ती, की खिडक्या थरथरल्या. त्यांच्या सगळ्या बायकांनी साथ दिली. ढोलकी आपोआप सुरू झाली. रब्बी हात बघत राहिले. हे काय आहे, त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "अहो रब्बी, आशीर्वाद आहे. वाळू द्या, आपोआप पडतो. तोवर मलिदा खा."

आणि ते बसले. कसे कोण जाणे, पण बसले. मेंदीचे हात अधांतरी धरून ते माझ्यासारखेच बसून राहिले, आणि बाबांनी त्यांना चमच्याने मलिदा भरवला. रब्बींनी पोहे म्हणजे काय ते विचारलं, तांदूळ कांडून असे चपटे होतात याचं त्यांना नवल वाटलं. दुसऱ्यांदा मागून घेतला. आजीचा विषय निघाला नाही. निघताना एवढंच म्हणाले, बघतो. दाराशी शलोमबाबांनी त्यांना मागून आवाज दिला, "पायरी मोडकी आहे, डावीकडून उतरा." रब्बी क्षणभर थबकले आणि डावीकडून उतरून गेले.

त्यानंतरचा शनिवार गाव विसरलं नाही. रब्बी प्रार्थनेला आले ते केशरी बोटं आणि दाढीत केशरी पट्टा घेऊन. मोरोक्कोवाल्यांना मेंदीचा अर्थ सांगावा लागत नाही. एकेक जण पुढे होऊन त्यांचं अभिनंदन करायचा आणि विचारायचा, कुणाच्या लग्नाचे पाहुणे? मुलीकडचे की मुलाकडचे? फ्रेहाबाईंनी बायकांच्या बाजूने ओरडून सांगितलं, माझ्या नीसीमच्या. आता ज्या नवरीच्या मेंदीला तुम्ही बसलात, जेवलात, रंगलात, तिला नवरी नाही कसं म्हणणार? मेंदी तर घासूनही जात नाही.

रविवारी सकाळी त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा कंबर कसून भांडायच्या तयारीनेच गेले. रब्बी म्हणाले, मंगळवार चांगला वार आहे, मंगळवारी लग्न लावू. बाबांनी विचारलं, आणि प्रश्न? रब्बी म्हणाले, मी कुठला प्रश्न विचारला? मला फक्त पोहे आठवतात.

बाबा घरी आले आणि दारातच बसले. माझ्या बाबांना मी रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि एवढं हसतानाही. आत्या मात्र आत जाऊन उरलेल्या खोबऱ्याचा हिशोब करू लागली, की लग्नालाही मलिदा हवा.

मंगळवारी लग्न झालं. नीसीमने त्याच बसमधून वरात काढली, आणि या खेपेला इंजिन खरंच बिघडलं. सगळ्या वऱ्हाडाने उतरून ढकलली. पुढच्या वर्षी बाबा जेरुसलेमला धरण्याला बसले, कारण आमचं झालं तरी बाकीच्या मुली अडल्याच होत्या. मी आणि नीसीम पण गेलो. आमची लग्नानंतरची पहिली सहल ती. सतरंजीवर बसून आम्ही घोषणा दिल्या आणि आत्याच्या हातचे लाडू खाल्ले. शेवटी सरकारला सांगावं लागलं की हे लोक सगळ्या बाबतीत इतरांसारखेच यहुदी आहेत, आणि वरच्यांनाही ते शेपूट कापावं लागलं. मुंबईच्या काकाने पेट्या पुन्हा बांधल्या.

आता यात मला न कळलेली एक गोष्ट होती. ती कळली माझ्या मुलीच्या मेंदीला.

तोवर आत्या गेली होती, शलोमबाबा तर कधीच गेले होते. बाबा होते, पण त्यांना ऐकू कमी यायचं. रब्बी हरशेल नोकरीतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, तरी मी आमंत्रण दिलं, आणि ते काठी टेकत आले. पायरी आता सिमेंटची पक्की होती, तरी जुनी मोडकी बाजू टाळूनच चढले. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, रब्बी, इतकी वर्षं मनात आहे, तुमची माफी मागायची राहिली. बिचाऱ्या शलोमबाबांना दिसत नव्हतं, त्यांना ठाऊकच नव्हतं हातात काय आहे, आणि आम्ही सगळे बघत असून बोललो नाही.

रब्बी हसू लागले. हसता हसता खोकला आला, पाणी द्यावं लागलं.

"दिसत नव्हतं?" ते म्हणाले. "ज्याला दिसत नाही तो इतक्या माणसांतून नेमका माझ्यासमोर येतो का, आणि मोडकी पायरी डावीकडून उतरायला सांगतो का?"

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"त्या पायरीवरच मला सगळं कळलं," रब्बी म्हणाले. "म्हाताऱ्याने मला फसवलं होतं. रागाने घरी गेलो. बायकोने गरम पाणी काढून ठेवलं, साबण ठेवला, म्हणाली लगेच धुतलं तर रंग चढणार नाही. मी पाण्यात हात घालणार, तेवढ्यात वाटलं, हे धुतलं तर उद्या तुझ्या बापाला तोच प्रश्न विचारावा लागेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी पाणी ओतून दिलं."

पलीकडे बाबा बसले होते. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नसावं. पण रब्बींनी उठून त्यांच्यासमोर जाऊन हात पुढे केले तेव्हा त्यांनी ते लगेच दोन्ही हातांत घेतले. दोघांनी बोटं ओठांना लावली. मग रब्बी माझ्या मुलीपुढच्या वाडग्याकडे वळले, म्हणाले, आता कुणी आंधळं व्हायची गरज नाही, आणि आपलं बोट स्वतःच मेंदीत बुडवलं.